धुरामागचे हात

मद्याने जगातील कवींना जेवढे विषय पुरविले, तेवढे तंबाखूने पुरविलेले नाहीत. परंतु निबंधकारांचा पक्षपात पाहू गेल्यास तो निःसंशय तंबाखूकडेच आहे. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मद्यपी मनुष्य बोलतो फार आणि दुसऱ्या दिवशी त्याला आठवते थोडे. धूम्रपान करणारा त्याच्या उलट. तो खुर्चीत मागे रेलतो, गप्प राहतो, समोर विरत जाणाऱ्या धुराकडे पाहतो, आणि विचारांची एक साखळी पुरी होईतो त्याच्या हातातील चिरूटही सरत आलेला असतो. लघुनिबंधाची लांबी आणि एका चिरुटाचे आयुष्य ही जवळजवळ सारखीच असावीत, हा केवळ योगायोग नसावा.

या धूम्रवाङ्मयाचा थोडासा परामर्श घ्यावा, आणि त्यात काय आहे यापेक्षा काय नाही तेच विशेषेकरून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परामर्श घेणारा मात्र तटस्थ नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. मी बावीस वर्षे सिगारेट ओढली. ती सुटल्यास आता पंधरा वर्षे होत आली. ज्याने ती कधी ओढलीच नाही त्याचा निःपक्षपात माझ्यापाशी नाही, आणि जो अजून ओढतो त्याचे प्रेमही नाही. या दोहोंमधील अडचणीच्या जागेवरून मी हे लिहीत आहे.

आमचे बिऱ्हाड अंधेरीस होते. वडील फोर्टातील एका कचेरीत कारकून. महिन्यातून एखाद्या रविवारी ते मला पार्ल्यास आत्याकडे घेऊन जात. गाडी पार्ल्याच्या स्टेशनात शिरली, की दोन वास येत. रुळांच्या पूर्वेस बिस्किटांचा प्रसिद्ध कारखाना होता. पश्चिमेस, स्वामी विवेकानंद मार्गावर, गोल्डन टोबॅको कंपनीचा सिगारेटचा कारखाना होता. वारा जिकडून वाहत असेल त्याप्रमाणे भाजलेल्या साखरेचा गोड वास किंवा तंबाखूचा उग्र वास डब्यात येई. बिस्किटांचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला, आणि सिगारेटच्या कारखान्यातील यंत्रेही आता थांबलेली आहेत. त्या वयात मला हे पक्के ठाऊक होते की बिस्किटे मुले खातात आणि सिगारेटी बाप ओढतात. त्या भिंतींच्या आत कोणी मनुष्ये उभी असतील, हा विचार मात्र इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनास शिवला नाही. माझ्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे. पुढील विवेचन हा त्याचा विस्तार समजावा.

माझे वडील वस्तुतः सिगारेट ओढत नसत; ते विडी ओढत. परंतु चिरूट साहेबाचा, सिगारेट बाबूची आणि विडी हमालाची, अशी जी उतरंड त्या काळी सर्वांच्या मनात होती, ती त्यांच्याही मनात होती. म्हणून सदऱ्याच्या खिशात ते एका बऱ्या सिगारेटचे पाकीट ठेवीत आणि त्या पाकिटात विड्या भरीत. कोणापुढे पाकीट करण्याचा प्रसंग आलाच, तर दर्शनी बाजूस दोन सिगारेटी असत. रात्री जेवणे आटोपली की ते चाळीच्या गॅलरीच्या टोकाशी जाऊन, पाठमोरे उभे राहून, पाकिटातील विडी पेटवीत. पुढे त्यांना घशाचा कर्करोग झाला. ते आत पडून असत, आणि मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा राहून सिगारेट ओढीत असे. ते गेले, त्यानंतरही सहा वर्षे मी ओढीतच होतो. हे सांगतो ते सहानुभूतीसाठी नव्हे. पुढे ज्या पुस्तकांविषयी बोलावयाचे आहे, ती मी कोणत्या हातांनी धरली होती हे वाचकांस ठाऊक असावे, एवढ्यासाठी.

ज्या इंग्रजी निबंधवाङ्मयापासून आपल्या फडके, खांडेकर, काणेकर यांच्या पिढीने लघुनिबंधाची स्फूर्ती घेतली, त्यात तंबाखूला मानाचे स्थान आहे. चार्ल्स लॅम याने १८०५ साली तंबाखूचा निरोप घेणारी एक दीर्घ कविता लिहिली. तीत शिव्या आणि लाडाची नावे एकमेकांत अशी मिसळली आहेत, की हा निरोप की प्रेमपत्र असा प्रश्न पडावा. आणि निरोप देऊनही तो तंबाखूपासून फार काळ दूर राहिला नाही. जे. एम. बॅरीच्या १८९० सालच्या ‘माय लेडी निकोटिन’ या पुस्तकाचा नायक लग्नाखातर धूम्रपान सोडतो आणि मग त्या गमावलेल्या सुखाची आठवण काढीत पुस्तक भरतो. ही दोन्ही लेखने रमणीय आहेत, हे मी नाकारीत नाही. तंबाखूच्या घातकतेविषयी त्यांना दोष देणेही अन्यायाचे होईल. कारण डॉल आणि हिल यांनी धूम्रपानाचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवून दिला तो १९५० साली. माझा आक्षेप निराळा आहे. या लेखनात तंबाखू कोठून येते? दुकानातून. त्याच्या पलीकडे लेखकाची जिज्ञासा जात नाही. जो लेखक धुराच्या प्रत्येक वलयाकडे इतक्या बारकाईने पाहतो, त्याची दृष्टी दुकानाच्या फळीपाशी येऊन नेमकी आंधळी होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हेरकथेत आहे. कॉनन डॉईलच्या १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स जमिनीवरची राख पाहून सांगतो, की खुनी मनुष्य त्रिचनापल्लीचा चिरूट ओढीत होता. त्रिचनापल्ली आणि दिंडिगल या भागांतील चिरूट त्या काळी इंग्लंडपर्यंत जात असत. निरनिराळ्या तंबाखूंच्या राखेवर या होम्सने एक प्रबंधही लिहिलेला आहे, असे डॉईल आपणास सांगतो. त्याची ही विद्या वाचून कोणीही थक्क होईल. राखेवरून त्याला ओढणाऱ्याचा माग लागतो. वळणाऱ्याचा माग काढण्याचे मात्र त्यास कारण पडत नाही. दक्षिण हिंदुस्थानातील कोणा कारागिराचे कसब इंग्रजी साहित्यात पोहोचले, पण ते राखेच्या रूपाने.

आता या पंथातील शिरोमणीकडे येऊ. त्रिएस्त येथील एत्तोरे श्मित्स या व्यापाऱ्याने इतालो स्वेव्हो हे टोपणनाव घेऊन १९२३ साली ‘झेनोची सद्‌सद्विवेकबुद्धी’ ही इटालियन कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक झेनो आयुष्यभर शेवटची सिगारेट ओढीत असतो. अमुक तारखेस ओढली ती शेवटची, असा निश्चय तो पुस्तकांच्या पानांवर लिहितो, भिंतीवर लिहितो. भिंती तारखांनी भरून जातात. व्यसन सुटावे म्हणून तो स्वतः होऊन एका दवाखान्यात बंदिवान होतो आणि त्याच रात्री पहारेकरी बाईला कोन्याक पाजून निसटू पाहतो. व्यसनी मनाचे इतके खरे चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. झेनोला मध्येच शंका येते, की आपल्या नाकर्तेपणाचे खापर फोडण्यास काहीतरी हवे म्हणूनच तर आपण सिगारेटला धरून राहिलो नाही ना? ती शंका वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते, आणि ते पुन्हा उघडण्यापूर्वी एक सिगारेट ओढली होती. माझ्याही डायरीत तशा तारखा होत्या; त्यांपैकी एक वडिलांच्या बाराव्याची होती.

परंतु आज पुन्हा वाचताना या थोर कादंबरीचीही मर्यादा मला दिसते. झेनो व्यसनाकडे पाहतो तेव्हा त्याला स्वतःखेरीज काही दिसत नाही. बालपणी तो बापाने अर्धवट ओढून ठेवलेल्या चिरुटांची थोटके चोरतो; तेथे निदान बाप तरी आहे. त्यापलीकडे त्याच्या धुरात तोच एकटा. ओढण्याचे वाङ्मय आत्ममग्न असते, हे समजण्यासारखे आहे. सोडण्याचे वाङ्मयही तितकेच, किंबहुना अधिकच आत्ममग्न असते, हे झेनोने मला शिकविले. सिगारेट सोडल्यानंतर कित्येक महिने मी भेटेल त्यास माझ्या विजयाची कथा ऐकवीत असे, आणि तो श्रोता केवळ सभ्यतेपोटी थांबलेला आहे हे मला कळत नसे.

ओढणाऱ्याचे वाङ्मय येथवर. वळणाऱ्याचे वाङ्मय शोधू लागलो, म्हणजे पाश्चात्त्य साहित्यात पहिली ठळक व्यक्ती भेटते ती कार्मेन. मेरिमेची ही दीर्घकथा १८४५ सालची. बिझेने तिचे संगीतनाटक केले ते १८७५ साली रंगभूमीवर आले. कार्मेन सेव्हिल येथील सरकारी तंबाखूच्या कारखान्यात चिरूट वळते. तेथे चारपाचशे स्त्रिया कामाला असल्याचे मेरिमे सांगतो. उष्म्यामुळे त्या अंगावर थोडकीच वस्त्रे ठेवून काम करतात, म्हणून पुरुषांना परवान्यावाचून आत जाण्यास मज्जाव. एवढे सांगून झाले, की कथा कारखान्याकडे त्या परवाना नसलेल्या पुरुषाच्याच दृष्टीने पाहते. चिरुटाची टोके कापावयाची सुरी कार्मेनच्या हातात आपण पाहतो, पण ती दुसऱ्या कामकरणीच्या गालावर चालते तेव्हा. चिरूट वळताना तिचे हात कसे चालतात, दिवसाकाठी किती वळून होतात, पदरात काय पडते, याविषयी कथाकारास आस्था नाही. कामकरीण साहित्यात आली खरी, पण तिला दारातून आत घेतले ते मोहिनी म्हणून.

आणि तरी चिरूट वळणाऱ्यांचा साहित्याशी एक संबंध असा आहे, की ज्याला जगाच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. क्युबातील हवाना शहरी ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात १८६५ सालच्या डिसेंबरात एक नवी प्रथा सुरू झाली. कामगार ओळीने बसून चिरूट वळीत, आणि त्यांच्यापैकी एकजण त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. वाचणाऱ्याची मजुरी इतर कामगार आपल्या कमाईतून भरून काढीत. पुढे हा स्वतंत्र पेशाच झाला. सकाळी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी, असा क्रम पडला. काय वाचावयाचे याचा कौल कामगार देत. सरकारने १८६६ सालीच या प्रथेवर बंदी घातली, यावरून तिचे सामर्थ्य किती जणांनी ओळखले होते ते कळते. बंदी टिकली नाही, प्रथा टिकली. ड्यूमाची ‘मॉन्टे क्रिस्टो’ ही कादंबरी या श्रोत्यांना इतकी प्रिय होती, की १९३५ साली निघालेल्या चिरुटांच्या एका जातीला तिचेच नाव मिळाले. ज्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ड्यूमा, ह्यूगो, सेर्वान्तेस कानांनी वाचले. लॅम आणि बॅरी लिहीत होते ते धूर काढीत. येथे तो धूर ज्याच्यातून निघावयाचा ते वळणारे हात ग्रंथ ऐकत होते. धूम्रपान आणि साहित्य यांचा जो संबंध आपण नेहमी मानतो, तो येथे मुळापासून उलटा झालेला आहे.

या प्रथेवर निलो क्रूझ या क्युबात जन्मलेल्या नाटककाराने ‘ॲना इन द ट्रॉपिक्स’ हे नाटक लिहिले. ते २००२ साली रंगभूमीवर आले आणि २००३ साली त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. स्थळ फ्लोरिडातील टॅम्पा शहराची इबोर सिटी ही क्युबन वस्ती, काळ १९२९. एका कुटुंबाच्या चिरुटाच्या कारखान्यात नवा वाचक येतो आणि ‘ॲना कॅरेनिना’ वाचू लागतो. ऐकता ऐकता वळणाऱ्यांची आयुष्ये त्या कादंबरीच्या रंगाने रंगू लागतात. मालकाचा भाऊ शेशे याला वाचक नको आहेत, यंत्रे हवी आहेत. अखेर तो वाचकाला गोळी घालतो. शेवटी वाचकाची जागा रिकामी असते, आणि ज्याच्या संसारात त्या वाचकाने वादळ उठविले तो पालोमोच पुस्तक उचलून पुढचे पान वाचू लागतो. हा शेवट फार सुंदर आहे. प्रत्यक्षातही १९३१ साली टॅम्पाच्या कारखानदारांनी वाचकांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. नाटकाचा दोष एवढाच, की त्यातील तंबाखूला सुगंध आहे, धूळ नाही. आपण वळलेल्या नव्या चिरुटाचा आस्वाद ती माणसे समारंभाने घेतात. त्यामुळे वळणारा आणि ओढणारा एक होतात खरे, पण खोकला कोणालाच येत नाही.

येथवर वाचून मराठी वाचक म्हणेल, की हे सारे सातासमुद्रांपलीकडचे झाले. आपला चिरुटाशी संबंध काय? संबंध विडीचा आहे, आणि आपल्या कायद्यानेही तो मानलेला आहे: १९६६ साली संसदेने या कामगारांच्या सेवाशर्तींविषयी जो कायदा केला, त्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी शेजारी बसले होते. कारखान्यात ग्रंथवाचन ऐकण्याची प्रथा केरळातील कण्णूरच्या विडी कामगारांतही होती. एकजण वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाची आणि इतर त्याच्या वाट्याच्या विड्या वळून देत. १९६९ साली तेथे जी दिनेश विडी सहकारी संस्था उभी राहिली, तिच्या घडणीमागे अशा ऐकलेल्या पानांचाही वाटा असला पाहिजे. महाराष्ट्रात सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया ही विडीची मोठी ठिकाणे. परंतु येथे हे काम बहुतांशी स्त्रियांकडे आणि घरोघरी विखुरलेले. प्रत्येकीचे सूप आपापल्या उंबरठ्याशी. एका छपराखाली शंभर जणी बसल्याच नाहीत, तर वाचावयाचे कोणी आणि कोणासाठी? आपल्याकडे वळणाऱ्यांचे वाङ्मय का निर्माण झाले नाही, याचे एक कारण मला या विखुरलेपणात दिसते.

जेथे त्या एका छपराखाली आल्या, तेथे मात्र मराठीत काहीतरी घडले. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे मराठीभाषी सीमाभागातील गाव विडीच्या तंबाखूची मोठी पेठ. तेथील वखारींतून स्त्रिया तंबाखू कुटण्याचे, चाळण्याचे काम करीत. त्यांच्यावर अनिल अवचट यांनी ‘अंधेरनगरी निपाणी’ हा लेख लिहिला. अवचट शिक्षणाने डॉक्टर आणि वृत्तीने पायी हिंडणारे. वखारींतील कोंदटपणा, हवेत तरंगणारी धूळ, तुटपुंजी मजुरी आणि मालकांचा धाक हे सारे ते मांडतात, पण आवाज चढवीत नाहीत. त्यांची वाक्ये आखूड असतात आणि विशेषणे जवळजवळ नसतातच. लघुनिबंधातील ‘मी’ आपल्याकडे पाहत असतो. अवचटांचा ‘मी’ समोरच्याकडे पाहतो आणि प्रश्न विचारतो. मराठी गद्यातील ‘मी’चे तोंड फिरविणे ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी वाङ्मयीन कामगिरी होय, आणि ती समाजकार्याच्या कौतुकाखाली झाकली गेली आहे. पुढे १९८२ साली दीपा धनराज प्रभृतींच्या ‘युगांतर’ या गटाने निपाणीच्या याच स्त्रियांच्या संघटनेवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट केला. त्यात कामकरणी स्वतःच आपली हकिकत सांगतात. सेव्हिलच्या कारखान्याच्या दाराशी थबकलेली दृष्टी येथे प्रथमच दार ओलांडते.

अवचटांच्या नावाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. १९८६ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याच्या उभारणीस पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. आमच्या पार्ल्याच्या पु.लं.चा हात या कथेत असा येतो. व्यसनात सापडलेल्या माणसांवरही अवचटांनी पुष्कळ लिहिले. म्हणजे एकाच लेखकाने तंबाखू चाळणारीचा हात पाहिला आणि व्यसनी माणसाचा कापरा हातही पाहिला. पण हे दोन हात त्यांच्या लेखनात निरनिराळ्या पुस्तकांत, निरनिराळ्या वर्षांत राहिले. त्यांची गाठ पडली नाही. निपाणीच्या लेखात ओढणारा नाही. व्यसनावरील लेखनात वळणारी नाही. अवचट २०२२ साली गेले. ही उणीव त्यांना दोष देण्यासाठी मी दाखवीत नाही. जे त्यांना जमले नाही ते इतर कोणाच्या मनातही आले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

या गाठीची अडचण किती खरी आहे, ते मला सोलापुरास कळले. तेथील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली ती त्यांच्या हाती आली, आणि तिला गोदूताई परुळेकरांचे, म्हणजे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या लेखिकेचे नाव आहे. एका स्नेह्याच्या घरच्या कार्यानिमित्त सोलापुरास गेलो असता त्याच्या ओळखीने शहरातील एका घरी मी तासभर बसलो. त्या बाई साठीच्या घरातल्या. मांडीवर सूप; त्यात भिजवून मऊ केलेली, फर्म्याप्रमाणे कातरलेली तेंदूची पाने आणि एका कोपऱ्यात तंबाखूचा ढीग. चिमूटभर तंबाखू पानावर पसरावयाची, दोन्ही हातांच्या बोटांनी पान वळावयाचे, तोंड नखाने आत मुडपावयाचे, दोऱ्याचा वेढा द्यावयाचा. मला एका हालचालीतून दुसरी वेगळी काढता येईना. दिवसाकाठी आठशे-हजार होतात, असे त्या म्हणाल्या.

“तुम्ही ओढता काय साहेब?” त्यांनी विचारले.

“ओढत होतो. सोडली,” मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांत प्रथमच ते सांगताना मला अभिमान वाटला नाही.

“चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात पण कुणी ओढत नाही.” मग हसून त्यांनी सूप माझ्याकडे सरकविले. “वळून बघा एक.”

मी वळली. पान कोणत्या बाजूने वळावयाचे, शिरेच्या अंगाने की आडवे, हे मला ठाऊक नव्हते. बावीस वर्षे धूर काढलेल्या आणि आयुष्यभर घरात विडी पाहिलेल्या माणसास हे ठाऊक नव्हते. माझी विडी फुगली आणि दोरा बांधण्यापूर्वीच उलगडली. बाईंनी ती माझ्या हातून घेतली, पान निराळे केले, आणि तंबाखूचा कण न् कण पुन्हा सुपात झटकला. पान आणि तंबाखू मोजून मिळते, विड्या मोजून द्याव्या लागतात. कमी भरल्या तर मजुरीतून जातात, आणि मनास न आलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडतात, असे त्यांनी सांगितले. बोलताना त्यांना दोनदा खोकला आला. तो खोकला माझ्या ओळखीचा होता.

परतीच्या गाडीत माझ्या मनाची जी स्थिती झाली, तीच या विषयावरील भावी वाङ्मयापुढील समस्या आहे. माझ्या वडिलांना ज्याने मारले ते कोणीतरी अशाच सुपात वळलेले होते; आणि त्या हातांस त्याखेरीज दुसरे काम मिळालेले नव्हते. सर्वांनी विडी सोडावी असे मी अंतःकरणापासून इच्छितो. ती इच्छा पुरी झाली तर त्या बाईंच्या चुलीचे काय, याचे उत्तर मजजवळ नाही. ओढणे हे त्यांच्यावर उपकार नव्हेत, कारण धुळीने त्याच आधी पोखरल्या जातात. पण नुसते सोडणे म्हणजे हात झटकणेही नव्हे. हिशेब दोन्ही बाजूंनी अपुरा राहतो. हा अपुरा हिशेब जसाच्या तसा मांडण्याचे धैर्य ज्यात असेल, तेच या विषयावरचे खरे साहित्य.

धूम्रपानावर यापुढेही निबंध लिहिले जातील, कादंबऱ्यांतील नायक खिडकीशी उभे राहून सिगारेट पेटवीत राहतील. त्यांस मनाई करावी असे टीकाकार कधी म्हणणार नाही. पण त्या लेखनाची परीक्षा करताना आपण वाचकांनी एक प्रश्न जवळ ठेवण्यास हरकत नाही: या पानात ओढणाऱ्याचे ओठ आहेत, वळणारीचे हात आहेत काय? लॅम, बॅरी, झेनो या कसोटीस उतरत नाहीत. कार्मेन अर्धीमुर्धी उतरते. क्रूझचे नाटक बरेचसे उतरते. निपाणीचा लेख एका बाजूने पुरा उतरतो. दोन्ही बाजूंनी उतरेल असे पुस्तक मराठीत अजून माझ्या पाहण्यात नाही.

वडिलांचे ते पाकीट आईने कपाटात जपून ठेवले होते. तिच्या पश्चात ते माझ्याकडे आले. सोलापुराहून आल्यावर मी ते उघडले. दर्शनी दोन सिगारेटी होत्या, आणि मागे तीन विड्या. पाने वाळून चुरा होण्याच्या बेतात आली होती. दोरे मात्र तसेच घट्ट होते. गाठ कशी घातली आहे ते मी बराच वेळ पाहत होतो.